सोयरिकीची चरबी

पोटच्या पोरीच्या सोयरिकीची चरबी एरेजेपनं एकट्यानं बसून खाल्ली, असं आमच्या गावात, कोकओझेकमध्ये, अजून सांगतात. कुंगरादच्या बाजारात तर तिला दोन कांदे आणि अख्खी रोटी जोडून सांगतात. साफ खोटं आहे. एरेजेपला चरबी सोसतच नाही, दोन घास पोटात गेले की तो छातीवर मूठ आपटत बसतो. त्यानं ती खाल्ली नाही, उन्हाला घातली. आणि ‘खाल्ली’ ही बातमी कुठून निघाली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती माझ्याच तोंडून निघाली. तेव्हा खरं काय घडलं ते लिहून ठेवायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं.

आमची घरं भिंतीला भिंत लागून, जन्म एकाच वर्षातला. एका वर्षाच्या माणसांना आमच्यात कुर्दास म्हणतात. कुर्दासानं कुर्दासाला काहीही बोलावं, कितीही टोचावं, समोरच्यानं राग धरायचा नाही, अशी रीत आहे. ज्यानं ती काढली त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. पन्नास वर्षं मी एरेजेपच्या नाकावर, चालीवर, सायकलीवर बोलत आलो आणि तो मिशीतल्या मिशीत हसत ऐकत आला. फारच झालं तर म्हणायचा, “सार्सेन, तुझ्या तोंडाला झाकण बसवायला हवं.”

हे तो अधिकारानं म्हणायचा. समुद्र जागेवर होता तेव्हा इथं मासळी डब्यात भरायचा कारखाना होता आणि एरेजेप तिथं झाकणं बसवायचा. झाकण ठेवायचं, दांडा ओढायचा, डबा पुढं ढकलायचा, दिवसाला काही हजार. समुद्र आटत आटत निघून गेला, मागोमाग मासळी गेली, मग कुठली तरी लांबची मासळी रेल्वेनं आणून भरली, शेवटी तेही थांबलं. कारखाना मोडला त्या दिवशी कुणी पत्रे नेले, कुणी दारं नेली. एरेजेपनं झाकण बसवायचं हातयंत्र आणि रिकाम्या डब्यांची तीन पोती घरी आणली. त्याची बायको झियादा म्हणाली, “लोकांनी खिडक्या आणल्या. तुम्ही पोकळी आणलीत.”

पुढची वीस वर्षं त्या घरात डब्यात मावेल ते सगळं डब्यात गेलं. जर्दाळू, टोमॅटो, खिळे, लग्नाचा दाखला. लग्नाचा दाखला खरंच गेला. कुठल्याशा कामाला तो लागला तेव्हा जर्दाळूचे नऊ डबे फोडावे लागले. मी म्हणालो, “वहिनी उंच आहेत म्हणून वाचल्या.”

नोकरी म्हणाल तर तो शाळेच्या बॉयलरवर होता. हिवाळाभर कोळसा टाकायचा आणि उन्हाळाभर बॉयलरकडं बघत बसायचं. त्या बसण्यातच त्याला पाण्याचं वेड लागलं.

आमच्या विहिरींचं पाणी खारं. नुसतं खारं असतं तर माणूस सवयीनं प्याला असता, पण त्यात दूध घातलं की फाटतं. आणि दुधाशिवायचा चहा म्हणजे आजाऱ्याचा काढा, तो पाहुण्यापुढं ठेवता येत नाही. टँकर गुरुवारी येतो. म्हणजे यायचा असतो.

एरेजेपनं अंगणात लोखंडी पत्र्याचं उथळ तसराळं केलं, डांबर फासून काळं केलं, वर एका मोडक्या बसची काच उतरती बसवली. तसराळ्यात विहिरीचं पाणी. ऊन पडलं की पाणी तापतं, वाफ काचेला लागते, थेंब घरंगळत खालच्या पन्हळीत येतात आणि पन्हळीतून बरणीत. मीठ मागं राहतं. सूर्य मावळेपर्यंत चार लिटर मिळायचं. चव कसलीच नाही, आणि हीच त्याची चव. पहिल्या दिवशी त्यानं मला पियाला भरून दिला. मी पिऊन म्हणालो, “यात काहीतरी घालायचं विसरलास.” तो आठ दिवस खूष होता.

आता सोयरीक. त्याची इंजीगुल एकविसाची. तिला कुंगरादचा मुलगा पसंत होता आणि मुलाला ती. मुलाचा बाप ओतेनियाज रेल्वेचे रूळ बघतो, माणूस सरळ. ओतेनियाजची म्हातारी आई उलबोसिन आपा मात्र सरळ म्हणता येणार नाही. तिनं कधीकाळी आमच्या गावात एका लग्नात फाटलेला चहा प्याला होता. ती गोष्ट ती प्रत्येक लग्नात सांगते आणि प्रत्येक लग्नात पियाल्यातल्या गुठळ्या मोठ्या होत जातात.

बोलणी करायला आम्ही कुंगरादला गेलो. सगळं ठरत आलं तसा ओतेनियाज हसत म्हणाला, “एरेजेप आगा, मुलगी चांगली, घर चांगलं. आम्ही येऊ. फक्त आमच्या आईचं म्हणणं आहे, कोकओझेकला जायचं तर चहा घरूनच पिऊन निघायचं.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

एरेजेपचे कान लाल झाले. “आपांना म्हणावं, तोंड कोरडं ठेवून या,” तो म्हणाला. “माझ्या घरी दूध फाटलं, तर सोयरीक मोडली समजा.”

येताना बसमध्ये मी त्याला विचारलं, “कुर्दास, पोरीचं लग्न तू चहावर लावलंस?” तो खिडकीच्या धुळीवर बोटानं लिटरांचा हिशेब मांडत होता.

अडीच आठवडे हातात होते. बारा पाहुणे, एकेकाचे आठ-दहा पियाले, शिवाय रश्श्याला पाणी. इतकं चांगलं पाणी रोजच्या चार लिटरमधून घरचं पिणं सांभाळून साठायचं नव्हतं.

“टँकरचं काय वाईट?” मी म्हणालो.

“त्याला टँकरचा वास येतो. ती म्हातारी वासावरून ड्रायव्हरचं नाव सांगेल.”

ऊन वाढवता येत नाही. पण एरेजेपच्या एक गोष्ट लक्षात आली होती. थेंब सगळ्यात जोरात पडतात ते भर दुपारी नाही, सूर्य कलल्यावर. तेव्हा काच गार पडते आणि पाणी अजून गरम असतं. मात्र घटका-दोन घटकांत पाणीही गार होतं आणि पन्हळ थांबते. तेवढी ऊब कुणीतरी धरून ठेवली की काम झालं. बॉयलरवाल्याला हे सांगावं लागत नाही. चूल विझली तरी विटा पहाटेपर्यंत ऊब धरतात. त्यानं तसराळ्याखाली विटा घातल्या, फरक थोडा पडला. डब्यात वाळू भरून घातली, थोडा आणखी पडला. मग दुकानातल्या मेणबत्त्या वितळवून दोन डबे भरले, त्यांनी मात्र बऱ्यापैकी तग धरला. पण मेणबत्त्या संपल्या. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा अख्खं गाव एरेजेपच्या नावानं अंधारात ठेचकाळलं.

त्याच आठवड्यात गल्लीत एकाच्या दिवसांचं जेवण होतं. एरेजेप माझ्या शेजारी बसला होता. चहा गार होऊन गेला होता, आणि त्यानं रश्श्याचा घोट घेतला तो वरच्या चरबीनं जीभ पोळून उठला. मी हसत होतो. तो जीभ बाहेर काढून रश्श्याच्या वाडग्याकडं बघत होता, गुरू भेटल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन डबे उन्हात ठेवले, एक वाळूचा, एक चरबीचा. संध्याकाळी गाईंच्या धारा काढून होईतो वाळू गार. चरबी रात्रीचं जेवण उरकलं तरी कोमट. “वितळताना ती ऊब गिळते,” तो मला म्हणाला, “आणि थिजताना परत देते. पूर्ण थिजेपर्यंत देत राहते. उसनं घेऊन इमानानं फेडणारी वस्तू आहे.”

आणि चरबी होती. माझ्या फ्रिजमध्ये होती.

ती तिथं का होती ते सांगतो. आमच्यात मुलीकडचे व्याह्यांना मेंढीचं काळीज आणि शेपटाची चरबी एकत्र वाढतात. तो घास दोन्हीकडच्यांनी खाल्ला की शब्द पक्का, मग मागं फिरणं नाही. वळी, म्हणजे चरबीचा काप, जितकी जाड, तितका व्याह्यांचा मान. आमच्याकडं मेंढरांची चरबी शेपटात साठते, पण एरेजेपची मेंढरं खारवट झुडपांवर जगलेली. जो मेंढा सोयरिकीला कापायचा त्याचं शेपूट तंबाखूच्या पिशवीएवढं. म्हणून झियादावहिनींनी पैसे साठवून कुंगरादहून सहा किलोचं शेपूट आणलं, आणि गल्लीत चालता फ्रिज एकच म्हणून आमच्याकडं ठेवलं.

एरेजेप दुपारचा आला. “सार्सेन, ते शेपूट काढ.”

“वहिनींना विचारलंस?”

“घरात पुरुष कोण आहे?”

“ते घरी विचारून ये, मग देतो.”

तो हसला नाही. “अर्धंच नेतो. मेंढा कापणार आहोतच, त्याला काय शेपूट नाही?”

त्याच्या मेंढ्याचं शेपूट मी रोज भिंतीवरून बघत होतो. तेव्हाच म्हणायला हवं होतं की कुर्दास, त्यात एका मांजराचंही लग्न ठरायचं नाही. पण मला दुसरंच वाक्य सुचलं, आणि सुचलेलं वाक्य मला गिळता येत नाही. “ने बाबा,” मी म्हणालो, “एवढं मऊ खाणं उन्हाला आजवर कुणी घातलं नसेल.” आणि माझ्या हातानं फ्रिजमधून काढून दिलं. चार दिवसांनी तो उरलेल्या अर्ध्यासाठी आला. तेव्हा मी विनोदही केला नाही, नुसतं दार उघडलं.

घरी वास येऊ नये म्हणून त्यानं चरबी शाळेच्या बॉयलरखान्यात वितळवली. ऊब आतपर्यंत लवकर पोचावी म्हणून तिच्यात काजळी आणि लोखंडाचा कीस मिसळला. अकरा डबे भरले, यंत्रावर झाकणं बसवली, तसराळ्याखाली बोरूच्या गादीवर मांडले. पहाटे बरणीत पाहिलं तर साडेसहा लिटर. साडेसहाची ती बरणी त्यानं मला भिंतीवरून उचलून दाखवली. मी भिंतीवरून पियाला पुढं केला.

पाहुणे रविवारी आले. उलबोसिन आपा सर्वांत आधी उतरली, काठी टेकत आत आली, भिंतीशी बसली आणि म्हणाली, “आणा तुमचं औषध.” इंजीगुलनं चहा ओतला. दूध घातलं. बारा माणसं पियाल्यात डोकावून बघत होती. दूध शांतपणे पसरलं, गुठळी नाही, काही नाही. म्हातारीनं घोट घेतला. पियाला पुढं केला. दुसरा. तिसरा. एरेजेप दारापाशी उभा राहून मोजत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. पाचव्याला ओतेनियाज म्हणाला, “आई, माझ्यासाठी ठेव थोडा,” आणि घर हसलं. एरेजेपच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली अर्धी घटका असावी. मी तिचा साक्षीदार आहे, म्हणून पुढचं सांगायला मला जड जातं.

झियादावहिनी मागच्या अंगणातून आमच्याकडं आल्या. “भावजी, शेपूट द्या. पातेलं चढवलंय.”

मी फ्रिज उघडला. आत नाही हे मला ठाऊक होतं, तरी वाकून पाहिलं. दोनदा पाहिलं. बर्फाच्या कप्प्यात हातसुद्धा घातला. माणूस किती हलका असतो ते फ्रिजच्या दिव्यात दिसतं.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “काय शोधताय?”

मग सांगितलं. सांगताना मीही एक डाव खेळलो, “तो घेऊन गेला” म्हणालो. “मी दिलं” म्हणालो नाही.

त्या अंगणात गेल्या. कापलेल्या मेंढ्याचं शेपूट परातीत पडलं होतं, मुठीएवढं. त्यांनी ते हातात घेतलं, ठेवलं, आणि आतल्या दारातून हाक मारली, “एरेजेप.”

आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘इंजीगुलचे बाबा’ म्हणतात, नाहीतर ‘अहो’. पंचवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं, आणि एरेजेपनंही नसावं. तो बाहेर आला तो चपला न घालता. त्यानं परातीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, तसराळ्याकडं पाहिलं. लाजेनं माणसाचं पाणी होतं म्हणतात. त्याचं झालं नाही. तो नुसता उभा राहिला, हात लोंबत सोडून, यंत्र बंद पडल्यावर कामगार उभा राहतो तसा.

“मला वाटलं, मेंढ्याचं पुरेल,” तो म्हणाला.

“मेंढा तुम्हीच पाळलाय ना?” वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, “एक डबा फोडू. वरचा थर खरवडून टाकला तर...”

“त्यात काजळी आहे, सार्सेन. लोखंड आहे.”

“म्हातारीला दात कुठं आहेत?”

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

शेवटी वहिनींनी त्या मुठीएवढ्या शेपटाच्या वळ्या केल्या. बारा माणसांना पुरायच्या म्हणजे सुरीला तरी काय करता येणार. थाळा आत गेला. उलबोसिन आपानं एक वळी चिमटीत उचलली, खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि तिच्यातून बघितलं.

“ओतेनियाज,” ती म्हणाली, “यातून तुझं तोंड दिसतंय.”

ओतेनियाजनं मान खाली घातली. त्याचे लोक एकमेकांकडं बघेनात. इंजीगुल चहा ओतत होती. तिनं धार तोडली नाही, पण पियाला भरून वाहायला लागला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

मेंढ्यावर, दुष्काळावर, खाटकावर ढकलता आलं असतं. मी असतो तर तिन्हींवर ढकललं असतं. एरेजेप पुढं येऊन म्हातारीसमोर गुडघ्यांवर बसला.

“आपा, शेपूट होतं. सहा किलोचं. हिनं आणलं होतं, हिचा दोष नाही. मी ते पाण्याखाली घातलं.”

“पाण्यात?”

“पाण्याखाली. डब्यात भरून. संध्याकाळी पाणी गरम राहावं म्हणून.”

“दाखव.”

तो डबा घेऊन आला. सगळ्यांसमोर फोडला. आत काळी चरबी, कडेला पातळ, मध्ये थिजलेली, आणि तिच्यात लोखंडाचा कीस चमकत होता. म्हातारीनं बोट बुडवलं, नाकाशी नेलं, रुमालाला पुसलं.

“हे माझ्या मुलाला चारणार होतास?”

“नाही आपा. हे तुमच्या चहासाठी होतं.”

म्हातारीनं पियाला उचलला. सात झाले होते. मग तिनं तो थाळीत पालथा घातला.

“चहा चांगला होता,” ती म्हणाली. “खोटं बोलणार नाही. पण चहावर सोयरीक होत नाही, एरेजेप. चहा आम्ही वाटेतल्या टपरीवरही पितो. घास खाल्ला गेला नाही, तेव्हा शब्दही झाला नाही.”

सोयरीक पक्की झाली की इंजीगुलच्या कानांत घालायची कर्णफुलं तिनं डबीत आणली होती, डबी तिच्या मांडीशेजारीच होती. ती तिनं उचलून बाहीत सरकवली. पाहुणे गेले. इंजीगुलचे कान सकाळपासून मोकळे होते, तसेच राहिले.

त्यानंतर एरेजेपनं तसराळं पालथं केलं. शाळेत जायचा तो मागच्या पायवाटेनं. टँकरच्या रांगेत उभा राहीना, पाणी वहिनी आणायच्या. त्याच्या चहात त्या विहिरीचंच पाणी घालायच्या, आणि तो गुठळ्यांसकट गिळायचा, कधी चकार शब्द काढला नाही. इंजीगुल त्याच्याशी बोलत नव्हती. भिंतीवरून मी हाक मारली तर “हं” म्हणायचा.

आता माझं. पाहुणे गेले त्यानंतरच्या गुरुवारी टँकरच्या रांगेत लोकांनी मला घेरलं. शेपटाचं काय झालं, शेपटाचं काय झालं. खरं सांगायचं तर पुढचा प्रश्न येणार होता, ‘पण ते तर तुझ्या फ्रिजमध्ये होतं ना?’ म्हणून मी म्हणालो, “शेपूट? जावयाआधी सासऱ्यालाच भूक लागली. बसून खाल्लं.” रांग हसून वाकडी झाली. खाणाऱ्याला चरबी फ्रिजमधून कुणी काढून दिली हे कोण विचारतो? मी सुटलो. एरेजेपच्या कानावर ते संध्याकाळपर्यंत गेलं असणार. तो खोडायला बाहेर आला नाही. कुर्दासाच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो. आणि खोडायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

तीन आठवड्यांनी झियादावहिनी आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

“ओतेनियाजचा फोन होता. म्हणतात, पाण्याचं वेड आम्ही समजून घेतलं असतं. पण लोक सांगतात, तो डबा नाटक होता, माणसानं चरबी खाल्ली आणि डब्यात काजळी भरून दाखवली. खोट्या घरात मुलगा देणार नाही म्हणतात.” त्यांनी चौकट धरली. “भावजी, आमची माफी कुंगरादला पोचायच्या आत तुमचा विनोद पोचला.”

दुसऱ्या दिवशी मी पहाटेची बस धरली.

उलबोसिन आपा अंगणात लोकर पिंजत बसली होती. मी सगळं सांगितलं, फ्रिज धरून. तिनं पिंजणं थांबवलं नाही.

“दार कुणी उघडलं?”

“मी.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

“मग इतके दिवस त्यानं तुझं नाव का घेतलं नाही?”

तिनं लोकरीतला काटा काढून टाकला. “त्याला सांग, मेंढ्यांची शेपटं भरली की आम्ही येऊ. त्यानं शेपूट स्वतः आणावं. आणि झाकून आणू नये.”

तो निरोप मी भिंतीवरून दिला, आणि टँकरच्या रांगेतही खरं काय ते सांगून टाकलं. रांगेला ते पटलं नाही. खऱ्यात काही मजा नव्हती. पण त्या रात्री एरेजेपच्या घरात बरंच बोलणं झालं असावं, कारण सकाळी मी पाहिलं, इंजीगुल एकटीच तसराळं ओढून सरळ करत होती. तिनं विहिरीचं पाणी आणून ओतलं, काच पुसली, बरणी ठेवली, आणि बापाकडं न बघता आत गेली. एरेजेप दारात उभा होता. थोड्या वेळानं तो डबे घासायला बसला. घासायला त्याला दोन दिवस लागले.

शरदात त्यानं कुंगरादच्या बाजारातून शेपूट आणलं, सात किलोचं. बसमध्ये मांडीवर उघडं ठेवून बसला होता म्हणे. गावाच्या वेशीवर उतरून मधल्या रस्त्यानं आला, दोन्ही हातांवर शेपूट घेऊन, नमाजानंतरच्या गर्दीतून. कुणी म्हणालं, “एरेजेप, वाटेत भूक नाही ना लागली?” कुणी म्हणालं, “झाकण लाव त्याला.” तो सगळ्यांना मान हलवून सलाम करत चालला होता. मी माझ्या दारात होतो. म्हणालो, “फ्रिजमध्ये ठेवायचं?” तो माझ्याकडं न बघता पुढं गेला. मग वळून म्हणाला, “थंडी पडलीय. दाराबाहेर टांगतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे.” तीन दिवस ते तिथं लोंबकळत होतं.

व्याही आले. या खेपेला वळ्या बोटभर जाड होत्या. एरेजेपनं रीतीप्रमाणं स्वतःच्या हातानं ओतेनियाजला घास भरवला, ओतेनियाजनं त्याला. एरेजेपला चरबी सोसत नाही हे मघाशी सांगितलंच. त्यानं तो घास चावला, डोळ्यांत पाणी आलं तरी चावला, गिळला, आणि दुसरा मागितला. म्हातारीनं बाहीतून डबी काढली आणि इंजीगुलला जवळ बसवून कर्णफुलं घातली. झियादावहिनी “इंजीगुलचे बाबा, पाणी घ्या” म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि बाहेर जाऊन नाक शिंकरून आलो.

चहाही झाला. दूध फाटलं नाही. पण चौथ्या पियाल्यालाच किटली आटली, आणि इंजीगुलनं रिकामी किटली हलवून बापाकडं पाहिलं. उलबोसिन आपानं कोरडा पियाला पुढं धरला.

“काय रे एरेजेप, मागच्या खेपेला सात झाले होते. आता डब्यांत भरतोस तरी काय?”

एरेजेप मान खाली घालून म्हणाला, “वाळू, आपा. वाळूवाचून कुणाची सोयरीक अडत नाही.”